‘का?’ नको, कागद मागा!

कांजूरमार्ग पूर्वेला आमची एक खोली आहे, वर पोटमाळा. एवढ्याशा जागेत आम्ही चौघं आणि तीन सरकारी योजना राहतो. आजीच्या नावाचं रेशन कार्ड, आईच्या खात्यात येणारे ‘लाडकी बहीण’चे दीड हजार आणि माझी स्कॉलरशिप. तुमच्या घरातही यातलं एखादं असेलच. नसेल तर तुमच्या बेंचवर शेजारी बसणाऱ्याच्या घरात नक्की असेल.

या तिन्हींसाठी सरकारने आमच्याकडून काय काय घेतलंय? आधार, बँकेचं पासबुक, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, अंगठा आणि फोनवर आलेला ओटीपी. म्हणजे आम्ही कोण आहोत, किती कमावतो, कुठे राहतो, हे सगळं सरकारदरबारी नोंदलेलं आहे. पण त्या नोंदीत नक्की काय लिहिलंय, ती कोणाच्या टेबलावर आहे आणि तिथे किती दिवस पडून आहे, हे आम्हाला माहीत नसतं. आमच्या वाट्याला येतो स्क्रीनवरचा एक शब्द. ‘अंडर स्क्रूटिनी’.

पदवीच्या दुसऱ्या वर्षी हा शब्द मी सात महिने रोज पाहिला. सकाळी लोकलमध्ये इन्स्टाग्रामच्या आधी स्कॉलरशिपचं पोर्टल उघडायचे. कॉलेजात विचारलं तर उत्तर, ‘आमच्याकडून गेलंय, विभागाकडे विचारा.’ विभागात विचारलं तर उत्तर, ‘कॉलेजकडे विचारा.’ मधल्या काळात परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली आणि आधीची फी भरल्याशिवाय तो घेणार नाही असं कॉलेजच्या खिडकीवर सांगण्यात आलं. आईने भिशीतला आपला नंबर बदलून घेतला. दिवाळीत उचलायची भिशी मार्चमध्ये उचलली. घरात त्यावर कोणी काही बोललं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

रागाच्या भरात मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. दोन पानी! ‘माझी स्कॉलरशिप का अडवली? गरीब विद्यार्थ्यांना असं का छळलं जातं? जबाबदार कोण?’ लिहून झाल्यावर मला फार बरं वाटलं होतं. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं, दीड ओळीचं. ‘आपण विचारलेले प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाहीत.’

आमच्या शेजारी एक काका राहतात, सरकारी नोकरीतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेले. त्यांना ते पत्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, माझा अर्ज वाचला आणि हसले. म्हणाले, “अगं, तू भांडण पाठवलंस, अर्ज नाही. ऑफिसात ‘का’ची फाइल नसते. कागदाची असते. कागद माग.”

दुसरा अर्ज आम्ही दोघांनी मिळून लिहिला. जेमतेम शंभर शब्दांचा. माझ्या अर्जाचा क्रमांक दिला आणि विचारलं: हा अर्ज कोणकोणत्या टप्प्यावर, कोणत्या तारखेला पोचला, त्याची नोंद द्या. प्रत्येक टप्प्यावर तो कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याकडे होता आणि त्याने काय शेरा मारला, त्याची प्रत द्या. असे अर्ज किती दिवसांत निकाली काढायचे याबद्दलच्या शासन निर्णयाची किंवा परिपत्रकाची प्रत द्या. बस्स. एकही ‘का’ नाही.

आठ पानं आली. दोन रुपये पानाप्रमाणे सोळा रुपये. त्यातल्या तिसऱ्या पानावर माझे सात महिने होते. अर्ज विभागापर्यंत पोचलाच नव्हता. कॉलेजच्याच लॉगिनमध्ये पडून होता, ‘उत्पन्न दाखल्याची तारीख तपासावी’ असा शेरा मारून. तो शेरा मला कोणीही कळवला नव्हता. मी सात महिने ज्यांना शिव्या घातल्या, त्यांच्या टेबलावर माझं काही नव्हतंच.

ते पान घेऊन मी कॉलेजच्या ऑफिसात गेले. आवाज चढवला नाही, फक्त पान पुढे ठेवलं. त्या खिडकीवर पहिल्यांदा मला कोणी तरी ‘बसा’ म्हणालं. दोन दिवसांत अर्ज पुढे सरकला. पैसे आले ते परीक्षा झाल्यावर. भिशी गेली ती गेलीच.

त्या पहिल्या अर्जाला मिळालेलं दीड ओळीचं उत्तर उद्धट वाटलं तरी ते हवेतून आलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. एप्रिल 2008 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने डॉ. सेल्सा पिंटो विरुद्ध गोवा राज्य माहिती आयोग या प्रकरणात सांगितलं की, कायद्यातली ‘माहिती’ म्हणजे जे नोंदीत आहे ते. एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही, याचं समर्थन अधिकाऱ्याने नव्याने लिहून द्यावं, असं या कायद्याखाली मागता येत नाही. अनेक कार्यालयं याच निकालाची ढाल करतात.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि ती फारसं कोणी सांगत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 मध्येच लिहिलंय की, प्रशासकीय निर्णय घेतला तर ज्याच्यावर त्याचा परिणाम होतो, त्याला त्या निर्णयाची कारणं सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून कळवली पाहिजेत. न मागता! म्हणजे ‘का’चं उत्तर देणं हे कार्यालयाचं कर्तव्य आहेच. ते त्यांनी पाळलं नाही, तर आपण फाइलवरचे शेरे आणि टिपण्या मागायच्या. ‘का’ तिथेच बसलेलं असतं, दुसऱ्याच्या हस्ताक्षरात.

म्हणून आधी थोडं कामाचं बोलू. महाराष्ट्रातल्या राज्य सरकारी कार्यालयासाठी अर्ज ‘जोडपत्र अ’ या नमुन्यात करायचा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्या कार्डधारकाला फी नाही, फक्त पुराव्याची प्रत जोडायची. राज्याचं ऑनलाइन पोर्टलही आहे. 2012 च्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द, हे लक्षात ठेवा. माहिती कशासाठी हवी, हे सांगायची गरज नाही. कलम 6 तसं स्पष्ट म्हणतं. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, तुम्हाला हाकलायचं नसतं.

उत्तराची मुदत 30 दिवस. मुदत उलटली तर त्यानंतर मिळणारी माहिती फुकट द्यावी लागते. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर 30 दिवसांच्या आत त्याच खात्यातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून. तिथेही काम झालं नाही तर 90 दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. विनाकारण माहिती अडवणाऱ्या जनमाहिती अधिकाऱ्याला रोजचे 250 रुपये, जास्तीत जास्त 25 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो त्याने स्वतःच्या खिशातून भरायचा असतो. शिवाय प्रती नकोत, फाइल नुसती बघायची आहे, असंही मागता येतं. पाहणीच्या पहिल्या तासाला पैसे पडत नाहीत.

हे सगळं आपल्या एकट्याच्या अर्जापुरतं नाही. ताजं उदाहरण आईच्या दीड हजारांचं.

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जून 2024 मध्ये जाहीर झाली. 21 ते 65 वयाच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या बायकांना महिना 1,500 रुपये. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, अर्ज धडाधड मंजूर झाले. नंतर अपात्रांची छाननी सुरू झाली. ऑक्टोबर 2025 मध्ये एका इंग्रजी दैनिकाने माहिती अधिकारात मिळवलेली कागदपत्रं छापली. त्यात दिसलं की या बायकांच्या योजनेचे पैसे 12,431 पुरुषांच्या नावावर गेले होते आणि 77,980 अपात्र महिलांनाही ते मिळाले होते. दोन्ही मिळून सुमारे 164 कोटी रुपये. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याआधी वर्षभर ‘अमक्याने पण फॉर्म भरला म्हणे’ हे चालू होतंच. पण ‘म्हणे’चा आकडा होतो तो कागद मागितल्यावर.

आता इथे आमच्या वयाच्या पत्रकारांनी आणि तुम्हीही एक गोष्ट बघायला हवी. बातमी झाली ती ज्यांना चुकून पैसे मिळाले त्यांची. आणि ज्यांचे चुकून बंद झाले त्यांची? सप्टेंबर 2025 मध्ये सगळ्यांना ई-केवायसी करायला सांगितलं गेलं. आमच्या गल्लीत दोन काकू मोबाइल घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. एकीचा नवरा वारलाय, तर नवऱ्याचा आधार कुठून आणायचा, हा तिचा प्रश्न होता. अशा किती बायका कोणत्या टप्प्यावर अडकल्या, किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, जिल्हानिहाय आकडे काय, हेही नोंदीतच असतं आणि तेही मागता येतं. कागद दोन्ही टोकांनी ओढता येतो. फुकट खाणाऱ्याला शोधायला एक टोक, हक्काचं हुकलेल्याला शोधायला दुसरं. दुसऱ्या टोकाला सध्या फारसं कोणी उभं नाही.

आजीच्या रेशनचंही तसंच. रेशनच्या बाबतीत तर कायदा आणखी एक पाऊल पुढे आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, 2013 चं कलम 27 सांगतं की सार्वजनिक वितरण व्यवस्थेच्या नोंदी लोकांसाठी खुल्या आणि पाहणीसाठी उपलब्ध ठेवायच्या. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य, हा हिशोब त्या नोंदीत दिसायला हवा. राज्याच्या ई-पॉसच्या साइटवर कार्डाचा बारा आकडी नंबर टाकून आपल्या नावावर काय उचललं गेलं तेही बघता येतं. म्हणजे काही गोष्टींसाठी दहा रुपयेसुद्धा लागत नाहीत, फक्त फोन हातात असलेलं एक पोर लागतं. राजस्थानने 2019 मध्ये ‘जन सूचना पोर्टल’ काढून अनेक योजनांची माहिती एका ठिकाणी आणली. आपल्याकडे ती निरनिराळ्या साइटवर विखुरलेली आहे आणि बऱ्याच साइट मराठी कमी, क्लर्कची भाषा जास्त बोलतात.

तसं पाहिलं तर माहिती अधिकाराची सुरुवातच अशा छोट्या पैशांतून झालीय. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून गावोगाव जनसुनावण्या घेतल्या, त्या मजुरीच्या हजेरीपटासाठी. काम केलेल्यांना पूर्ण मजुरी नाही आणि हजेरीपटावर भलतीच नावं, म्हणून ‘हजेरीपट दाखवा’ ही मागणी. 1996 मध्ये ब्यावरला त्यासाठी 40 दिवस धरणं धरलं गेलं. आपल्या महाराष्ट्रात ऑगस्ट 2003 मध्ये अण्णा हजारे आझाद मैदानात उपोषणाला बसले, आणि राज्याचा माहिती अधिकाराचा कायदा केंद्राच्या कायद्याच्या दोन वर्षं आधी मिळाला. आपण आज घरबसल्या ऑनलाइन जो अर्ज टाकतो, त्याच्यामागे कोणीतरी उन्हात बसलेलं आहे.

मान्य, हे सगळं वाटतं तितकं गुळगुळीत नाही. दुसऱ्या अपिलाला वर्षं लागतात. ‘सतर्क नागरिक संघटन’च्या 2023 आणि 2024 च्या अहवालांत प्रलंबित अपिलं आणि तक्रारींमध्ये महाराष्ट्र देशात पहिला होता, लाखाच्या वर. पहिल्या नंबराचा अभिमान वाटू नये अशी ही जागा. दुसरीकडे, माहिती अधिकाराचा धंदा करणारे, अर्ज टाकून बिल्डरकडून पाकीट घेणारे लोकही आहेत. त्यांच्यामुळे खरा अर्जदारही खिडकीवर संशयाने बघितला जातो. आणि मोठ्या हितसंबंधांना हात लावणाऱ्यांनी किंमतही मोजलीय. तळेगाव दाभाडेचे कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा जानेवारी 2010 मध्ये खून झाला, ते जमिनीचे गैरव्यवहार बाहेर काढत होते. आपल्या स्कॉलरशिपच्या अर्जात तसला धोका नाही. पण ज्या कायद्यासाठी कोणी जीव गमावला, तो आपण वापरायचाही कंटाळा करावा, हे बरं नाही.

नवी अडचण आणखी वेगळी आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम 8 मध्ये बदल केला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये तो लागूही झाला. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, हे त्याच पोटकलमात तपासावं लागायचं. आता तिथे फक्त ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच उरलंय. लोकहित मोठं असेल तर माहिती द्यावी, ही वेगळी तरतूद अजून आहे, पण ती वापरायची की नाही हे कार्यालय ठरवणार. भीती अशी की उद्या काहीही मागितलं तरी ‘वैयक्तिक’चा शिक्का बसेल.

प्रायव्हसी आपल्या पिढीला महत्त्वाची वाटते, मलाही वाटते. शेजारणीला दीड हजार मिळतात की नाही, हे गल्लीने वाचायची गरज नाही. म्हणून मागताना आपणच शहाणपण दाखवू. दुसऱ्याचं नाव मागू नका, संख्या मागा. स्वतःची नोंद मागा. कार्यालयाने काय केलं ते मागा. मात्र माझ्याच अर्जावरचा शेरा मला ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारला गेला, तर ती प्रायव्हसी माझी राहत नाही, ती टेबलामागच्या माणसाची होते.

आमचं म्हणणं सरळ आहे. कॉलेजात ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’ची वर्कशॉप्स होतात, स्टार्टअपवर गेस्ट लेक्चर होतं. तसं वर्षातून एकदा स्कॉलरशिपचे फॉर्म निघतात त्याच महिन्यात माहिती अधिकाराचं एक लेक्चर व्हावं. एनएसएसच्या मुलांनी आठवड्यातून एक तास टेबल टाकावं, तिथे अर्ज लिहून द्यावेत, आपल्या कॉलेजातल्यांचे आणि वस्तीतल्यांचेही. आणि कॉलेजांनी स्वतःही कलम 4 पाळावं. किती स्कॉलरशिप अर्ज आले, किती पुढे गेले, किती आपल्याच लॉगिनमध्ये पडलेत, एवढा तक्ता दर महिन्याला नोटीस बोर्डवर लावायला किती खर्च येतो? एक पान आणि चार टाचण्या.

सवलत ही कोणाची मेहेरबानी नसेल, तर तिचा हिशोब बघणं हाही आगाऊपणा नाही. आपण मात्र अजून खिडकीवर ‘साहेब, जरा बघा ना’ या सुरातच बोलतो. सूर बदलायला घोषणा लागत नाही, अर्ज क्रमांक लागतो.

परवा रविवारी आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “आता आजीच्या रेशनचं लिही.” गेले तीन महिने दुकानात धान्य कमी मिळतंय आणि कारण एकच, ‘वरून कोटा कमी आलाय.’ आजीचं म्हणणं, दुकानदाराला दोन खडे बोल लिही. मी म्हटलं, नको आजी, कागद मागू. तिघींनी मिळून लिहिलं: या दुकानाला गेल्या तीन महिन्यांत किती धान्य आलं, किती वाटलं, त्या साठा नोंदवहीची प्रत द्यावी. आजीने सही केली, जराशी तिरकी. स्टॅम्प मी चिकटवला. पंधरा शब्द झाले होते.